जुन्या फ्रिजचं बिल

आमचा जुना फ्रिज रात्री अडीचच्या सुमारास खोकायचा. म्हणजे कॉम्प्रेसर बंद होताना एक धक्का बसायचा, दारातल्या बाटल्या किणकिणायच्या आणि मग घर एकदम शांत व्हायचं. ती शांतता आली की कळायचं, अरे, इतका वेळ आवाज चालू होता. २००५ साली, मी शाळेत असताना, बाबांनी तो हप्त्यांवर घेतला होता. दोन दारांचा, २६० लिटरचा. त्या वेळी आमच्या मजल्यावर दोन दारांचा फ्रिज आमच्याचकडे होता, आणि आईनं वरच्या कप्प्यात बर्फ नाही, आधी कैऱ्यांच्या फोडी ठेवल्या होत्या.

२०२४ च्या उन्हाळ्यात तो नीट गार करेनासा झाला. आई म्हणाली, गॅस भरून घेऊ, अजून चांगला धडधाकट आहे. मी म्हटलं, आता नवा घेऊ, आणि घ्यायचाच तर जास्त स्टारवाला. बाबा म्हणाले, "स्टार म्हणजे काय, चार हजार जास्त घ्यायचे चाळे."

बाबांना उडवून लावता येत नाही, कारण त्यांच्याकडे फाईल आहे. १९९८ पासूनची सगळी वीजबिलं तिच्यात क्रमानं लावलेली आहेत. उजाला योजनेत स्वस्त एलईडी मिळायला लागले तेव्हा त्यांनी रांगेत उभं राहून बल्ब आणले होते, ६० वॅटच्या जागी ९ वॅटचे, आणि पुढच्या बिलावर पेन्सिलीनं बाण काढून ‘बल्ब’ असं लिहिलं होतं. माणूस बचतीच्या विरोधात नाही. त्यांना फक्त पुरावा लागतो.

म्हणून मी हजारेक रुपयांचं एक मीटर मागवलं. प्लग आणि वस्तू यांच्यामध्ये ते लावायचं, मग ती वस्तू किती वीज खाते ते छोट्या पडद्यावर दिसतं. चार दिवस ते फ्रिजला लावून ठेवलं. ६.८ युनिट. म्हणजे दिवसाला १.७, महिन्याला ५१, वर्षाला सहाशेवीसच्या आसपास. आमचं सगळ्या घराचं बिल महिन्याला २१० युनिटांचं. त्यातला जवळजवळ चौथा भाग हा एकटा गिळत होता, तोही धड गार न करता. बाबांनी मीटर उलटसुलट करून पाहिलं, त्याची चाचणी म्हणून ९ वॅटचा बल्ब लावून बघितला, आणि मग काही बोलले नाहीत.

दुकानात गेलो. साधारण एकाच आकाराचे दोन फ्रिज शेजारी शेजारी. एकावर दोन तारे, स्टिकरवर वर्षाला २३५ युनिट. दुसऱ्यावर तीन तारे, १९५ युनिट. किमतीत चार हजारांचा फरक. विक्रेता पोरगा ताऱ्यांबद्दलच बोलत होता, युनिटांबद्दल त्याला विचारलं की तो दाराच्या रंगाकडे वळायचा. खरं तर स्टिकरवर वाचायची गोष्ट तो आकडाच. ताऱ्यांची मोजपट्टी सरकार दर काही वर्षांनी कडक करतं. २०२२ च्या जुलैत एसींची पट्टी बदलली तेव्हा आदल्या दिवशीपर्यंत पाच ताऱ्यांचा असलेला एसी दुसऱ्या दिवशी चार ताऱ्यांचा झाला. मशीन तेच, भिंतही तीच. आमच्या जुन्या फ्रिजवर तर स्टिकरच नव्हतं. भारतात ही ताऱ्यांची पद्धत सुरू झाली २००६ मध्ये, तो आला त्याच्या पुढच्या वर्षी.

आता हिशोब. वाचलेल्या एका युनिटाची किंमत किती, हा त्यातला खरा प्रश्न, आणि इथेच बहुतेक जण चुकतात. बिलाची रक्कम भागिले युनिट केलं की सरासरी दर निघतो, पण आपण सरासरी युनिट वाचवत नसतो. महाराष्ट्रात घरगुती दर पायऱ्यांचा आहे. त्या वर्षीच्या दरानं पहिली शंभर युनिटं, वहन आकार आणि वीज शुल्क धरून, सात रुपयांच्या थोडी आत पडत होती. शंभरच्या पुढचं, तीनशेपर्यंतचं प्रत्येक युनिट तेरा रुपयांच्या वर. तीनशेच्या पुढे अठराच्या वर. म्हणजे आमच्यासारख्या २१० युनिटांच्या घरात वीज वाचली की ती वरून वाचते, महागातली. शिडीची वरची पायरी आधी निघते.

या दरानं जुना फ्रिज काढून तीन तारेवाला आणला तर वर्षाला सव्वाचारशे युनिट, म्हणजे साडेपाच हजारांवर रुपये वाचणार होते. पाचसहा वर्षांत फ्रिज फुकट. पण दोन तारे की तीन तारे, या प्रश्नाचं उत्तर फार पानचट निघालं. ४० युनिटांचा फरक, वर्षाला पाचशेतीस रुपये, चार हजार वसूल व्हायला साडेसात वर्षं. ज्यांच्या घरात महिन्याला ऐंशी युनिटंच लागतात त्यांना पंधरा वर्षं. म्हणजे बाबा बरेचसे बरोबर होते. खरी बचत एकोणीस वर्षांचं धूड घराबाहेर काढण्यात होती, एक जास्तीचा तारा विकत घेण्यात नव्हती. तरीही आम्ही तीन तारेवालाच घेतला. बाबा म्हणाले, "आपण वापरतो वीसवीस वर्षं." हा एक मुद्दा माझ्या एक्सेलमध्ये नव्हता.

त्या महिन्यात माझ्या अंगात हिशोबाचं वारंच शिरलं होतं. हॉलमधला आणि आईबाबांच्या खोलीतला असे दोन पंखे मी बदलले. साधा पंखा पंचाहत्तर वॅट घेतो, बीएलडीसी मोटरचा तिशीच्या आतबाहेर, आणि दिवसाचे बारा तास पंखा फिरणाऱ्या घरात ते जास्तीचे बाराचौदाशे रुपये पहिल्या वर्षातच सुटतात. पंख्याकडे कुणी लक्ष देत नाही कारण तो स्वस्त असतो, दिसायला साधा असतो, त्याची ऑफर येत नाही. उलट मामेभावानं पुण्यातच पाच ताऱ्यांचा एसी घेतला आणि स्टिकरवरच्या बचतीचे फोटो फॅमिली ग्रुपवर टाकले. एसीच्या स्टिकरवरचा आकडा वर्षाला १६०० तास वापर धरून काढलेला असतो. तो एप्रिल-मेमध्ये रात्री सहा तास एसी लावतो, म्हणजे साडेतीनशे तास. त्याचे जास्तीचे आठ हजार निघेपर्यंत त्याच्या मुलीची दहावी होईल. हे मी ग्रुपवर लिहिलं. आईनं मला फोन करून सांगितलं की असं लिहू नये.

जुन्या फ्रिजचं काय करायचं, हा प्रश्न मात्र दोन मिनिटांत सुटला. दुकानवाला एक्स्चेंजमध्ये दीड हजार देत होता. आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशींनी ते ऐकलं आणि कणीक मळता मळता म्हणाल्या, "ताई, दीड हजार मी देते की. दोन महिन्यांत. मला द्या." त्यांच्या सासूबाईंना इन्सुलिन चालू होतं. ती बाटली त्या मडक्यात ठेवत, मडकं ओल्या वाळूत, आणि मे महिन्यात दर दोन तासांनी वाळूवर पाणी मारत. आम्ही म्हटलं, पैसे कसले घेता. गॅस भरून दिला, सहाशे रुपयांचा टेम्पो केला, आईनं आतल्या कप्प्यांत नवे प्लॅस्टिकचे रुमाल अंथरून दिले. टेम्पो निघाला तेव्हा आम्ही गॅलरीत उभे होतो. मला फार बरं वाटलं होतं, हे इथे कबूल करायला हवं.

जूनचं बिल १७४ युनिटांचं आलं. बाबांनी पेन्सिलीनं बाण काढला. ‘फ्रिज’.

ऑगस्ट संपता संपता मावशींनी पाचशे रुपये उचल मागितली. जुलैतही मागितली होती. त्या कधी मागत नाहीत, म्हणून मी विचारलं, घरी सगळं ठीक ना? तर म्हणाल्या, "ठीक आहे की. लाईटबिल जरा जास्त येतंय."

त्यांच्याकडे बिल म्हणजे बिल नसतं. दहा खोल्यांची एक रांग आहे, सगळ्यांना मिळून वीज कंपनीचं एक मीटर, मालकाच्या नावावर. प्रत्येक खोलीबाहेर मालकानं आपलं छोटं मीटर बसवलंय. महिन्याच्या पाच तारखेला तो आकडे वहीत उतरवतो आणि युनिटाला चौदा रुपये घेतो. पहिल्या युनिटालाही चौदा, शेवटच्यालाही चौदा. पूर्वी त्यांची चाळीस युनिटं व्हायची, पाचशेसाठ रुपये. आता नव्वदच्या वर जात होती, पावणेतेराशे.

मी ओट्याशी उभ्या उभ्याच हिशोब केला. आमच्या फ्रिजचे ५१ युनिट गुणिले १४. सातशेचौदा रुपये. आम्ही मावशींना महिन्याला अठ्ठावीसशे देत होतो. म्हणजे आमच्या पोळ्या लाटून मिळालेल्या पैशांतला चौथा हिस्सा त्या आमचाच जुना फ्रिज चालवायला घालवत होत्या. आणि आमचे दर महिन्याला साडेचारशे-पावणेपाचशे वाचत होते.

रात्री बाबांना सांगितलं. माझा पहिला राग मालकावर होता. चौदा रुपये म्हणजे लूट. बाबांनी कागद घेतला. दहा खोल्यांची मिळून साडेचारशे युनिटं धरली. पहिली शंभर सातच्या आत, पुढची दोनशे तेराच्या वर, उरलेली दीडशे अठराच्या वर. एकूण भागिले साडेचारशे. युनिटाला साडेतेरा रुपये निघाले. "तुझा मालक फार काही खात नाहीये," बाबा म्हणाले, "मीटरच चुकीचं आहे." गरिबाला परवडावं म्हणून पहिली शंभर युनिटं स्वस्त ठेवलेली आहेत. पण ती शंभर दर मीटरला आहेत, दर घराला नाहीत. दहा घरांनी एक मीटर वाटून घेतलं की त्या स्वस्त शंभरातली दहादहा प्रत्येकाच्या वाट्याला येतात आणि बाकी सगळी वीज बंगल्याच्या दरानं. मावशींचं स्वतंत्र मीटर असतं तर तीच नव्वद युनिटं, फ्रिज धरून, साडेसातशेत बसली असती.

मला त्या रात्री झोप लागेना. नवा फ्रिज आवाज करत नाही, ते एक.

एक्सेलमध्ये मी ‘युनिटाचा दर’ असा रकाना केला होता आणि वेगवेगळे दर घालून बघितले होते. सात, तेरा, अठरा. जितका दर जास्त तितकी कमी वीज खाणारी वस्तू लवकर परवडते, साधं गणित. त्या रकान्यात चौदा घातला तर आमच्याहूनही लवकर उत्तर येत होतं. चांगला फ्रिज आम्हाला जितका परवडला, त्याहून जास्त तो मावशींना परवडला असता. फक्त आधी एकदम तीस हजार मोजावे लागले असते. ते आमच्याकडे होते, म्हणून तीन तारे आमच्याकडे आले आणि बिनताऱ्याचा त्यांच्याकडे गेला. आणि देशाची वीज वाचली म्हणावं तर तेही नाही. जुना बंद पडला नव्हता, पत्ता बदलून चालूच होता, वर नव्याची १९५ युनिटं.

रविवारी मीटर घेऊन मावशींकडे गेले. बाबाही आले, स्क्रू-ड्रायव्हर घेऊन. दहा बाय बाराची खोली, फ्रिज गॅसच्या शेगडीला खेटून. त्याची पाठ भिंतीला टेकलेली, त्यामुळे मागची जाळी तापून होती. बाबांनी दारात दहाची नोट अडकवून दार लावलं आणि नोट ओढली. ती अलगद बाहेर आली. दाराचं रबर गेलं होतं. आमच्याकडे असतानाच गेलं असणार. एकोणीस वर्षांत आम्ही नोट लावून कधी बघितलं नव्हतं.

"रात्री बंद करते मी," मावशी म्हणाल्या. "अकराला बंद, पाचला चालू. दार उघडत नाही, औषध गार राहतं." बाबांनी सांगितलं की सकाळी चालू केल्यावर तो रात्रीचं सगळं भरून काढायला एकदम पळतो, त्यानं फार काही वाचत नाही. मावशींनी मान हलवली, पण मला नाही वाटत त्यांना पटलं. रात्रभर छोट्या मीटरचं चाक थांबलेलं त्यांना दिसतं. पहाटेचं पळणं दिसत नाही, त्या वेळी त्या नळावर असतात.

मग मी मला जे बोलायचं होतं ते बोलले. म्हणजे, माफ करा, आम्ही तुम्हाला हा द्यायला नको होता, असं काहीतरी. मावशी माझ्याकडे बघतच राहिल्या. "का बरं? चांगला आहे की." आणि त्यांनी त्यांचा हिशोब सांगितला. मंडईत रात्री साडेआठला भाजी निम्म्या दरात मिळते, ती आता तीन दिवसांची आणता येते. दूध नासत नाही. सासूबाईंची बाटली मडक्यात ठेवायची तेव्हा एकदा वाळू सुकली, औषध वाया गेलं, नवी बाटली आणावी लागली. शेजारणीचं ताक ठेवतात, ती महिन्याला पन्नास देते. हे सगळं त्यांनी बोटांवर मोजलं, आणि बेरीज सातशेच्या बरीच जवळ आली. माझ्या एक्सेलमध्ये यातलं एकही नव्हतं, कारण आमच्याकडे दूध नासणं ही खर्चाची बाब कधी नव्हतीच.

रबर बदललं, मजुरीसकट नऊशे रुपये. फ्रिज शेगडीपासून हातभर सरकवला, त्यासाठी लोखंडी कपाट दाराच्या दुसऱ्या बाजूला न्यावं लागलं आणि आता दार पूर्ण उघडत नाही. चार दिवसांनी आकडा आला दिवसाला १.४. पंधरा-सतरा टक्के कमी. नऊशे रुपयांत. म्हणजे हे आम्ही पाच-सात वर्षांपूर्वी केलं असतं तर... असो.

पण १.४ म्हणजेही महिन्याला ४२, पाचशेअठ्ठ्याऐंशी रुपये. तेव्हा मला कल्पना सुचली आणि मी तिच्यावर फार खूश होते. लहान, एका दाराचा नवा फ्रिज साडेचौदा हजारांना मिळत होता, वर्षाला दीडशे युनिटं. त्याचं मावशींना महिन्याला पावणेदोनशे बिल आलं असतं. वाचलेले चारशे रुपये त्यांनी आम्हाला दर महिन्याला द्यायचे. तीन वर्षांत फ्रिज त्यांचा. खिशातून एक रुपया जास्त जाणार नाही. उजालातही काही ठिकाणी बल्बचे पैसे असेच बिलातून हप्त्याहप्त्यानं फेडायची सोय होती. वाचलेल्या पैशांतून वस्तू. मी कागदावर रकाने आखून मावशींना दाखवलं. बाबांनीही तपासलं होतं.

मावशींनी कागद नीट बघितला. हात पुसून हातात घेऊन बघितला. मग म्हणाल्या, "तीन वर्षं?"

"हो, पण तुम्हाला जास्तीचं काही—"

"ताई, तीन वर्षं ती खोली राहील का नाही मालकालाच माहीत नाही. बिल्डर येऊन जातोय." कणकेवर ओलं फडकं टाकलं. "आणि तीन वर्षं तुमचे पैसे अंगावर असले तर मी तुमचं काम सोडू शकेन का? पलीकडच्या सोसायटीत साडेतीन हजार देतात पोळ्यांचे."

मी गप्प. त्या हसल्या. "सोडत नाही हो. पण उगा बांधून कशाला घ्यायचं. त्यापेक्षा पगार वाढवा की."

मी रकान्यांचा कागद घडी करून खिशात ठेवला. ‘खिशातून एक रुपया जास्त नाही’ हे ज्या माणसाला मी सांगत होते त्याच्यासाठी तीन वर्षांचं कर्ज हीच मोठी किंमत होती, आणि ती कुठल्याच स्टिकरवर छापलेली नसते. घेणाऱ्याला उद्या कुठे राहू, कुठे कामाला असू, हे ठाऊक आहे, असं ‘इतक्या वर्षांत वसूल’ म्हणणारा प्रत्येक हिशोब धरून चालतो. बाबांनी वीस वर्षं म्हटलं तेव्हा तो मुद्दा मला सुंदर वाटला होता. वीस वर्षं एकाच स्वयंपाकघरात काढणं ही आमची मालमत्ता आहे, हे तेव्हा लक्षात आलं नाही.

पगार वाढवला. पस्तीसशे. आई म्हणाली, पलीकडची सोसायटी देतेच आहे तर आपण आधीच द्यायला हवे होते, आणि त्यावर कुणीच काही बोललं नाही. दोन उचली आम्ही सोडून दिल्या.

स्वतंत्र मीटरचंही बघितलं. त्यासाठी जागेचा पुरावा लागतो, आणि मालकाचं संमतीपत्र. मालक म्हणाला, एकीला दिलं की दहा जणी येतील. ते खरं आहे, दहाही जणी येतील.

फ्रिज अजून तिथेच आहे. अजून रात्री अकराला बंद होतो. मीटर परत आणायला मी गेले तेव्हा मावशींनी ते काढून ठेवलं होतं, पण पिशवीत घालून देताना थांबल्या.

"ताई, हे अजून दोन दिवस राहू दे का?"

म्हटलं, राहू दे, पण कशाला? फ्रिजचा आकडा तर कळला.

त्यांनी दाराबाहेर, मालकाच्या छोट्या मीटरकडे बोट दाखवलं. "सगळं एकाच बोर्डावर लावते. टीव्ही, पंखा, फ्रिज, सगळं. तुमचं काय दाखवतंय आणि त्याचं काय, एकदा बघायचंय. शेजारणीचंही."

मी एक्स्टेन्शन बोर्ड आणून दिला.